सांडव्याच्या पिंपळाची सोडमुंज

तुमच्या बाबांना एक थोरला भाऊ आहे, हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नसेल. बाबा स्वतः सांगणार नाहीत. या भावावरून शाळेत त्यांना मुलांनी पुष्कळ चिडवलंय. आजोबा सांगायला बसायचे, पण अर्ध्यावर आले की त्यांना हसू आवरायचं नाही आणि गोष्ट तिथेच राहायची. टेलिफोनवर मी सुरू करावी, तर तुमच्याकडे नेमकी कुणाची तरी झोपायची वेळ झालेली असते. म्हणून लिहूनच काढते, पहिल्यापासून.

पहिल्यापासून म्हणजे तलावाच्या मागून.

लग्नानंतर आजोबांनी मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते तलावाच्या मागे. बाकीचे नवरे आपापल्या बायकांना तलावाच्या पुढे नेत. तिथे घाट होता, वारा होता, फुटाणेवाला होता. मी कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, कवितांतली सगळी सरोवरं पाठ असलेली. कडक इस्त्रीची साडी नेसून, मोगऱ्याचा गजरा माळून निघाले. आजोबांनी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सायकल उभी केली, पाण्याकडे पाठ फिरवली आणि पलीकडच्या उतारावरून मला बाभळीच्या काट्यांतून खाली नेलं. खाली पोचल्यावर ते उकिडवे बसले, मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली आणि प्रसाद द्यावा तशी माझ्या तळहातावर ठेवली.

"कशी आहे?"

"कोरडी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"कोरडी!" त्यांचा चेहरा असा उजळला की माझ्या गजऱ्याकडे पाहूनही तो तेवढा उजळला नव्हता.

ते तेव्हा सरकारी खात्यात धाकटे इंजिनियर होते आणि हा तलाव नुकताच त्यांच्या हाती आला होता. त्यांच्या हातातला पहिला तलाव. ते म्हणायचे, तलाव पुढून पाहायचा नसतो, पुढून सगळेच तलाव सुंदर दिसतात. तलाव मागून पाहायचा. पाळ म्हणजे शेवटी मातीचा लांबलचक ढीग. एका अंगाने पाणी तिला रात्रंदिवस रेटत असतं आणि आत शिरायला वाट शोधत असतं. घुशीचं बीळ, खेकड्याचं बीळ, मुंग्यांचं वारूळ, झाडाचं मूळ, काहीही त्याला चालतं. म्हणून पाळीच्या मागच्या पायथ्याशी ओल दिसते का, हे आधी बघायचं. वैशाखात कुठे हिरवंगार गवत दिसलं की माणसाला बरं वाटतं. आजोबांच्या कपाळाला आठी पडायची. हिरवं गवत म्हणजे खालून पाणी झिरपतंय. एकदा एका लग्नाच्या मांडवामागे त्यांना हिरवळ दिसली, तर जेवणाची पंगत सोडून ते तिथे माती चुरत बसले होते.

दगडी बांधकाम तपासायला त्यांच्याकडे लोखंडी टोकाची काठी होती. दगडावर ठोकली की भरीव भिंत 'टण्' म्हणायची, आतून पोकळ असलेली 'ठप' म्हणायची. पहिल्या दिवाळीला माझ्या माहेरीही त्यांनी बैठकीच्या भिंतीवर दोनदा ठोकून पाहिलं. वडील मला आत बोलावून म्हणाले, "जावई घर विकत घ्यायच्या विचारात आहेत का गं?"

आता पिंपळाकडे येते.

तलाव काठोकाठ भरला की जादा पाणी जिथून सुखरूप बाहेर जातं, त्या वाटेला सांडवा म्हणतात. आमच्या तलावाच्या सांडव्याला दोन्ही बाजूंनी जुन्या, चुन्यात बांधलेल्या दगडी भिंती होत्या. पाणी धडाडत जाताना शेजारच्या मातीच्या पाळीला त्याचा स्पर्श होऊ नये, एवढ्यासाठी त्या. भिंत गेली की माती उघडी पडणार, आणि पुराच्या पाण्यापुढे माती म्हणजे गरम चहात बुडवलेलं बिस्किट. पाळीच्या खाली विणकरांची वस्ती होती. त्यांच्या मागांची खटखट पाळीवर उभं राहिलं तरी ऐकू यायची.

सांडव्याच्या त्या दोन भिंतींपैकी एकीतून पिंपळ उगवला होता. कुण्या पाखराने केव्हातरी बी टाकलेलं. आजोबांच्या हाती तलाव आला तेव्हा त्याचं खोड माझ्या मनगटाएवढं झालं होतं आणि उंचीने तो माझ्याहून वर गेला होता. उन्हात त्याची पानं अशी सळसळायची की मला तो फारच देखणा वाटायचा. आजोबांनी त्याच्या दोन्ही बाजूंच्या दगडांवर काठी ठोकली. ठप. ठप. ठप.

"हा पावसाळ्याआधी निघायलाच हवा," ते मला म्हणाले. "नाही निघाला तर यंदा तलाव भरू देता येणार नाही. पाळीखालची मोरी उघडी टाकून पाणी सोडून द्यावं लागेल."

तलाव रिकामा म्हणजे वस्तीतल्या विहिरी रिकाम्या, कारण त्या तलावाच्याच पाझरावर जगत. म्हणजे एकतर भिंत फुटायची भीती, नाहीतर वर्षभर कोरड्या विहिरी. मृग तोंडावर आला होता. आजोबांचं जेवणात लक्ष नव्हतं. आमरसाची दुसरी वाटी त्यांनी नको म्हटली, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

पाळीवर काम करणाऱ्या माणसांचा मुकादम खापा गावचा होता. धिप्पाड, झुपकेदार मिशांचा, कन्हान नदीच्या पुरात पोहून पलीकडे जाणारा. त्याची बायकोही त्याच कामावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कैरीचं पन्हं घेऊन पाळीवर गेले, तेव्हा आजोबा त्याला म्हणत होते, "कुऱ्हाड आण."

"कायले जी?"

"पिंपळ तोडायचा आहे."

"तो नाई तुटत साहेब."

"काहून?" आजोबांनीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"मुंजा हाय न त्यात."

मुंजा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. ज्या ब्राह्मणाच्या मुलाची मुंज झाली पण सोडमुंज व्हायची राहिली, आणि तेवढ्यात जो हे जग सोडून गेला, तो पिंपळावर मुक्कामाला येतो, अशी आमच्याकडे समजूत. त्याला त्रास दिला की तोही त्रास देतो.

"तू पाहिलास?" आजोबा म्हणाले.

"पाह्यला असता त तुमच्यासमोर असा उभा असतो का जी?"

मुकादमाची बायको टोपली खाली ठेवून म्हणाली, "पहा न बाईसाहेब, याले पुराचं भेव नाई, सापाचं भेव नाई, बायकोचं त नाईच नाई. अन् मुंज्याचं भेव हाय!"

"बायकोचं हाय वं," मुकादम गंभीरपणे म्हणाला. "सांगत नाई मी कोनाले."

सगळे हसले. आजोबा मात्र ताडकन उठले आणि स्वतः कुऱ्हाड घेऊन भिंतीकडे निघाले. मुकादम आडवा आला नाही. मागून फक्त एवढंच म्हणाला, "तोडा साहेब, तुमी मोठे लोक. पन तुमचं त नवं लग्न हाय. घरात पाळना हालाले पाहिजे का नाई?"

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी पन्ह्याच्या भांड्यात पाहिलं. आजोबांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

ही बातमी आमच्याआधी घरी पोचली होती. सासूबाई दारातच उभ्या. "पिंपळाला हात लावायचा नाही," त्या आजोबांना म्हणाल्या. "मला नातवंड पाहिजे. तलाव काय, दुसरा बांध."

मग आजोबांनी कळमेश्वरकडून दुसरी माणसं बोलावली. त्यांनी पिंपळ पाहिला, चहा घेतला आणि पुढची बस पकडली.

त्या दिवशी जेवताना घरात कुणी बोलत नव्हतं. मला अशी शांतता सोसत नाही. मी वैतागून म्हणाले, "मुंज्याची एवढी सोडमुंज राहिली आहे ना? मग करून टाका आणि पाठवा त्याला काशीला!"

मी थट्टा केली होती. सासूबाईंनी हातातला वाढणीचा डाव खाली ठेवला.

"करू," त्या म्हणाल्या.

"आई, मी इंजिनियर आहे," आजोबा म्हणाले.

"मग? बटूचा बाप इंजिनियर असला तर काय बिघडतं?"

भटजींना बोलावणं गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शेंडीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "पिंपळाची मुंज करतात, हे मी ऐकलंय. सोडमुंज शास्त्रात नाही," ते म्हणाले. "पण करू नये असंही शास्त्रात कुठे नाही." मुंज्याला आधी नारळात बोलवायचं, नारळाला बटू समजून सोडमुंज लावायची आणि मग तो नारळ काशीच्या दिशेने वाटेला लावायचा, असं ठरलं.

सोडमुंजीत काय होतं, ते तुम्ही तुमच्या चुलतभावाच्या वेळी पाहिलंय, पण तेव्हा तुमचं सगळं लक्ष लाडवांवर होतं. बटूचं शिकणं संपतं. तो छत्री, काठी, पादत्राणं घेऊन 'मी चाललो काशीला' म्हणून निघतो. तेवढ्यात त्याचा मामा धावत जाऊन त्याला अडवतो आणि म्हणतो, काशीला नको जाऊस, मी तुला माझी मुलगी देतो. बटू परत फिरतो, मंडळी हसतात आणि पानं मांडली जातात.

आमच्या बटूला मात्र खरंच काशीला जाऊ द्यायचं होतं.

"मामा लागेल," भटजी म्हणाले. "छत्री आणि खडावा मामाकडूनच यायला हव्यात."

मामा म्हणजे माझा दादा. लकडगंजात त्याची लाकूड चिरायची आरा मशीन होती. मशीनच्या घरघरीवर बोलायची सवय असल्यामुळे तो कानगोष्टही हाक मारल्यासारखी करायचा. खडावा त्याने स्वतः सागाच्या करून आणल्या. मी त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं: "दादा, छत्री द्यायची, खडावा द्यायच्या आणि गप्प उभं राहायचं. अडवायचं नाही."

"मी काय खुळा आहे?" तो म्हणाला. हे पाळीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू गेलं.

ऊन चढायच्या आत सांडव्याजवळ सगळे जमले. पाळीवरची माणसं, वस्तीतले विणकर, त्यांची पोट्टी, आणि माझी वहिनी. वहिनीच्या कडेवर तिची मुलगी होती, अजून एकही दात न आलेली. मी बसायला सतरंज्या घातल्या होत्या, पाण्याचे माठ ओळीने मांडले होते, स्वयंपाकाची बाजू वेगळी आणि चपलांची वेगळी केली होती. माझ्या हातून कुठलंच काम गबाळं होत नाही, मग ते भुताचं का असेना.

भटजींनी पाणी सोडलं. "बटूचं गोत्र?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिंपळाकडे पाहिलं.

"गोत्र माहीत नसेल तर काश्यप," भटजींनी स्वतःच सोडवणूक केली. "आता आईवडिलांनी पुढे यावं."

मामा ठरला होता, पण आईबाप म्हणून पुढे कुणी बसायचं, हे कुणीच बोललं नव्हतं. मग सासूबाईंनी मागून आम्हा दोघांना ढकललं. अशा रीतीने, मुलांनो, लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि मी एका वाढलेल्या पिंपळाची आई झाले. मुकादमाची बायको तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाप्पा! पोट्टा त मायपेक्षा उंच हाय!" आजोबांनी अंगावर उपरणं घेतलं होतं आणि ओठ घट्ट मिटले होते. त्यांचे खांदे हलायला लागले आहेत, हे फक्त मला दिसत होतं. मी त्यांच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं, कारण पाहिलं असतं तर दोघंही गेलो असतो.

सगळं यथासांग झालं. दादाने छत्री दिली, खडावा दिल्या आणि शहाण्यासारखा बाजूला उभा राहिला. नारळाला मुंडावळीसारखी फुलांची माळ बांधली. नारळ न्यायचा कुणी? मुकादम म्हणाला, "मुंजा जाऊन राह्यला त मले काय भेव? मी पोचवतो." त्याने खडावा एका हातात घेतल्या, नारळ छातीशी धरला, एकाने त्याच्या डोक्यावर छत्री धरली, आणि काशीयात्रा निघाली. पाळ लांबलचक, एका बाजूला चमकणारं पाणी, आणि त्या पाळीवरून काळ्या छत्रीखाली चाललेला मिशाळ मुकादम. भटजी मंत्र म्हणत होते, बायका अक्षता टाकत होत्या. सगळं इतकं छान चाललं होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि तेवढ्यात माझ्या शेजारून काहीतरी सुसाट गेलं.

दादा! धोतराचा सोगा हातात धरून, दोन्ही हात पसरून, आरा मशीनवरच्या आवाजात ओरडत: "अरे भाच्या, थांब! नको जाऊ काशीला! माझी मुलगी देतो तुला!"

आमच्या माहेरी भाच्यांचं पीक होतं. दर उन्हाळ्यात दादा कुणाला ना कुणाला काशीच्या वाटेवरून परत आणायचा. भटजींचे ते मंत्र, ती छत्री, ती पाठमोरी निघालेली स्वारी पाहिली आणि त्याचे पाय आपोआप धावले. तो मुकादमासमोर जाऊन पोचला, हात पसरून उभा राहिला, आणि मगच त्याला कळलं आपण काय केलं ते.

मुकादम जागच्या जागी थांबला. मंत्र थांबले. पाळीखालच्या वस्तीतले मागही जणू थांबले.

पहिली सावरली ती वहिनी. "काय म्हणाले तुम्ही?" ती पाळीवरून चालत निघाली. "काय म्हणाले? दात न आलेली माझी पोट्टी मुंज्याले देऊन राहिले? शुद्धीवर आहात का?" कडेवरची मुलगी खिदळत होती. तिला तो मिशाळ मुकादम फार आवडला होता.

मग मात्र आजोबा गेले. सांडव्याच्या पायरीवर बसून त्यांनी उपरण्यात तोंड खुपसलं. त्यांना पाहून मी, मला पाहून मुकादमाची बायको, आणि मग पाळीवर माणूस म्हणून कुणी उभं राहिलं नाही. सासूबाईसुद्धा एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने आम्हाला गप्प बसायला सांगत होत्या.

फक्त मुकादम हसत नव्हता. "मामानं शब्द देल्ला जी," तो म्हणाला. "आता हा काई काशीले जात नाई. पहा, नारळ जड झाला."

"वजन तेवढंच आहे," आजोबा डोळे पुसत म्हणाले.

"तुमी धरून पहा."

आजोबांनी नारळ हातात घेतला आणि त्यांचं हसू थांबलं. नारळ जड झाला नव्हता. पण समोर भिंत होती, भिंतीत पिंपळ होता, आणि पश्चिमेला पहिले काळे ढग दिसायला लागले होते. "भटजी, आता?" त्यांनी विचारलं.

"शब्द तर गेला," भटजी म्हणाले. "मुलगी द्यावी लागेल."

वहिनीने मुलगी पदराखाली घेतली.

उपाय सुचला तो मुकादमाच्या बायकोला. "एवढं काय रडून राह्यले?" ती म्हणाली. "आमच्या खाप्याले पिंपळाले कडूलिंबाची बायको करतेत. मामाले पोरगीच द्याची हाय न? कडूलिंबाची द्या."

दादाच्या आरा मशीनमागे भुशाच्या ढिगाशेजारी एक कडूलिंबाचं रोप उगवलेलं होतं. दिवसभर लाकडांचा भुसा करणारा माझा दादा, पण त्या रोपाला मात्र तो रोज आपल्या पिण्याच्या पाण्यातलं उरलेलं पाणी घालायचा. वहिनीने हुकूम सोडला: "तीच तुमची थोरली. जा, घेऊन या." दादा सायकलरिक्षाने गेला आणि मांडीवर तुपाचा रिकामा डबा घेऊन आला. डब्यात नवरी. वाटेत तिला ऊन लागू नये म्हणून त्याने डोक्यावरची टोपी काढून तिच्यावर धरली होती.

त्याच भटजींनी, त्याच सतरंजीवर, त्याच फुलांच्या माळा पुन्हा वापरून लग्न लावलं. मंगलाष्टकं सासूबाईंनी म्हटली. कन्यादानाला दादा आणि वहिनी बसले, आणि मुलगी देतो म्हटल्यावर मघाशी नवऱ्याच्या अंगावर धावून गेलेली माझी वहिनी आता पाठवणीला हुंदके देऊन रडायला लागली. "नाजूक आहे हो ती," ती सासूबाईंना म्हणाली. "तिला जरा सांभाळून घ्या."

"माझ्याकडे सून म्हणून नाही, लेक म्हणून राहील," सासूबाई म्हणाल्या, आणि मी खोकले.

वडाभात आणि पन्ह्यावर सगळे तुटून पडले. आजोबा मात्र ताटावरून उठून भिंतीपाशी गेले होते. लग्न झालं, पण झाड अजून तिथेच होतं. मुकादम हात धुऊन त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. बराच वेळ मिशी कुरवाळत त्याने पिंपळाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साहेब, आता हा मुंजा नाई राह्यला. संसारी झाला."

"हो."

"अन् दादासाहेबानं एवढी पोरगी देल्ली, ते काय भिंतीत राहाले? भिंतीत काई संसार होत नाई जी. याले मोकळ्या जागेत घर पाहिजे." मग मागे वळून त्याने आपल्या माणसांना हाक मारली: "ए पोट्टेहो, सब्बल आना गा! जावयाचं सामान हालवाचं हाय!"

आजोबांनी त्या दिवशी मला पाळीवर, सगळ्यांसमोर, हाताला धरून गोल फिरवलं. त्या काळी नवरे असं करत नसत. सासूबाईंनी न पाहिल्यासारखं केलं.

पिंपळ काढायला दोन दिवस लागले. मुकादमाने सब्बलीने, म्हणजे पहारीने, एकेक दगड सुटा करून तो मुळांसकट काढला. मूळ आत वेणीसारखं पसरलं होतं, आणि ते ओढून काढल्यावर भिंतीत एवढी पोकळी निघाली की आजोबांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. तो हात बाहेर काढताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. भिंत नुसती उभी होती. आतून तिच्यात काहीच नव्हतं. ती पहिला पूरही सोसू शकली नसती. मग चुना आला, त्यात कालवायला विटांची सुरखी आली, दगड आले. माणसांनी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम केलं. शेवटचा दगड बसून चुना वाळल्यावर आजोबांनी काठी ठोकली.

टण्.

मुकादम, त्याची बायको, वस्तीतले म्हातारे, सगळ्यांनी आळीपाळीने काठी घेतली आणि ठोकून पाहिलं. टण्, टण्, टण्. देवळात घंटा वाजवायला लागते तशी रांग लागली होती.

पाळीपासून पुरेसं दूर, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत आम्ही पिंपळ आणि कडूलिंब शेजारी शेजारी लावले. पिंपळाच्या फांद्या छाटाव्या लागल्या, त्यामुळे नवरदेव लग्नानंतर अगदी ओंडका दिसत होता. वहिनी मला म्हणाली, "वं, पोरगी ओंडक्याच्या गळ्यात बांधली की आपण!" पण पावसाचे चार शिंतोडे पडले आणि त्या ओंडक्याला तांबूस, चकचकीत पालवी फुटली.

त्या वर्षी तलाव भरला. सांडव्यावरून पाणी असं धडाडत निघालं की पाळीवर उभं राहिलं तर साडी तुषारांनी ओली व्हायची. सारं गाव पुढून पाहायला आलं होतं. आम्ही दोघं मागे उतरलो. चिखलात चप्पल रुतत होती, पाऊस होता, आणि पावसात मातीची ओल पाहण्यात अर्थ नव्हता, हे मलाही कळत होतं. म्हणून चांगली उघडीप पडेपर्यंत आजोबा रोज वाट पाहत राहिले. शेवटी एके सकाळी त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी उकिडवं बसून माती उचलली, चुरली आणि माझ्यासमोर धरली.

"कशी आहे?"

"कोरडी!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की वस्तीतून दोन माणसं बाहेर आली.

पुढच्या वर्षी तुमचे बाबा झाले. सासूबाईंनी त्याचं सगळं श्रेय थोरल्याला दिलं. बारशाला मुकादमाची बायको म्हणाली, "यायचा मोठा भाऊ लय गुणाचा निंगाला." बाबांना लहानपणी आम्ही पिंपळाला नमस्कार करायला नेत असू. त्यांना ते सुरुवातीला फार आवडायचं, आणि शाळेत कळल्यावर मुळीच आवडेनासं झालं. वहिनी मात्र पहिल्या संक्रांतीला लेकीसाठी हलव्याचे दागिने घेऊन गेली. मुंग्यांनी ते सगळे नेले, तर ती म्हणाली, सासरी असंच होतं.

या प्रकरणातून पाळीवर एक नियम मात्र कायमचा पडला, आणि तो मुकादमाने पाडला. मुंज आठव्या वर्षी, म्हणून रोपाला आठ पानं येईपर्यंत ते लेकरू. लेकरात मुंजा राहत नाही. सातव्या पानापर्यंत कुणीही उपटावं. आठ झाली की पुन्हा भटजी, छत्री, मामा आणि सगळं आलं. दादाची पुन्हा धावायची तयारी नव्हती, आणि त्याच्याकडे द्यायला आणखी मुलीही नव्हत्या. त्यामुळे माणसं आपण होऊन दर पंधरवड्याला भिंती, घाट, मोरी पाहून पानं मोजू लागली. आजोबा म्हणायचे, खात्याच्या कुठल्याही हुकुमाने तलावाची एवढी देखभाल झाली नसती.

पुढे त्यांच्या हाती कितीतरी तलाव आले आणि गेले. निवृत्त व्हायच्या आधी ते शेवटच्या तपासणीला पुन्हा याच तलावावर आले, तेव्हा मीही बरोबर होते. मुकादमाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण आवाज तोच. आम्ही सांडव्यापाशी पोचलो तर तो आधीच भिंतीजवळ वाकून उभा होता.

"साहेब, या. नातू आला तुमचा."

त्याच भिंतीत, जवळजवळ त्याच जागी, पिंपळाचं कोवळं रोप उगवलं होतं. रस्त्यापलीकडून बापाचंच बी एखाद्या पाखराने आणलं असणार. सगळी माणसं भोवती जमली. आजोबांनी चष्मा लावला, वाकले आणि बोट लावत पानं मोजायला लागले. मीही त्यांच्या खांद्यावरून मोजत होते. एक, दोन, तीन. खालची दोन पानं एकमेकांवर आली होती. सहा, सात.

आणि आठवं. अगदी टोकाशी, नखाएवढं, अजून धड उलगडलंही नव्हतं. पण पान होतं.

तुमचे आजोबा जन्मभरात एकाही मापात सूतभर खोटं बोलले नव्हते. घरचं दूधसुद्धा ते मापट्याच्या रेघेला डोळा लावून घेत. मी पाहत होते. त्यांनी ते रोप धरलं, आणि अंगठा हळूच वर सरकवून त्या नखाएवढ्या पानावर ठेवला.

"सात," ते म्हणाले.

मुकादम त्यांच्या समोरच वाकला होता. त्याने अंगठ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे, जिथे पिंपळ आणि कडूलिंब आता एकमेकांत इतके गुंतले होते की कुठली फांदी कुणाची हे सांगता येत नव्हतं.

"सातच हायेत जी," तो म्हणाला. "लेकरू हाय. उचला."

आजोबांनी ते अलगद उपटलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. मग काठीने भिंतीवर एकदाच ठोकून पाहिलं, आणि आम्ही दोघं नातवाला त्याच्या आईबापांकडे पोचवायला रस्ता ओलांडून गेलो.